आमच्या घराला बदली ड्रायव्हर कधी मिळणार? मंत्रालयाला खुलं पत्र

मा. मुख्यमंत्री साहेब,
आणि सामाजिक न्याय, दिव्यांग कल्याण, सार्वजनिक आरोग्य, महिला व बालविकास या चार खात्यांचे मंत्री आणि सचिव,

स.न.वि.वि.

चार खात्यांना एकच पत्र का, तर माझ्या घरातली माणसं तुमच्या चार खात्यांत वाटली गेलीत. आई ८४ ची, ती सामाजिक न्यायमध्ये. धाकटा भाऊ ५१ चा, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, तो दिव्यांग कल्याणमध्ये (डिसेंबर २०२२ मध्ये तुम्ही हे वेगळं खातं काढलं, देशात पहिलं म्हणून टीव्हीवर सांगितलं, चांगलंच केलं). दोघांची औषधं आणि जखमा आरोग्य खात्यात. आणि या दोघांचं सगळं करणारी माझी बायको, ती कुठल्याच खात्यात नाही, म्हणून महिला व बालविकासचं नाव मीच आपलं घातलं. गावाचं नाव लिहीत नाही, पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं ठिकाण एवढं बास, उगाच एखाद्या गरीब क्लार्कची बदली व्हायची.

मी एसटीतून रिटायर झालो. ३१ वर्षं नोकरी, त्यातली शेवटची १४ वर्षं डेपोत ड्युट्या लावायचं काम. कुठल्या गाडीवर कोण ड्रायव्हर कोण कंडक्टर, मुक्कामी गाडी कोण नेणार, कुणाची सुट्टी, कोण आजारी, कुणाच्या घरी मयत झालं आणि ऐन वेळी कुणी आलाच नाही तर त्या फेरीवर कुणाला पाठवायचं. या कामात एक गोष्ट डोक्यात पक्की बसते, की गाडी आहे डिझेल आहे म्हणून फेरी निघत नाही, माणूस लागतो आणि माणसाला तासांचं गणित असतं. आमच्या वेळी १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता, दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, आठवड्याची एक सुट्टी. डबल ड्युटी केलेल्या ड्रायव्हरला परत पहाटेच्या गाडीवर बसवलं आणि काही झालं तर पहिला मी सस्पेंड. म्हणून डेपोत चार-दोन माणसं जादा ठेवायची. ती नुसती बसलेली दिसायची, ऑडिटवाले विचारायचे ही कशाला, तर ती बसलेली असायची म्हणून बाकीच्या गाड्या वेळेवर निघायच्या.

२०२१ च्या पावसाळ्यात आई बाथरूममध्ये घसरली, खुबा मोडला. ऑपरेशन झालं पण परत नीट उभी राहिली नाही, आणि वर्षभरात विसरायला लागली. आता कधी कधी मलाच मास्तर म्हणते, म्हणजे माझे वडील, झेडपीच्या शाळेत होते. हॉस्पिटलच्या कागदावर एक पेशंट लिहिला होता, घरात मात्र त्या दिवशी दोन पेशंट झाले, कारण भावाला ४७ वर्षं तीच बघत होती. त्याला भरवणं, दाढी करणं, संडासला बसवणं, रात्री पाय आखडले की चोळत बसणं, त्याचं बोलणं बाहेरच्याला समजत नाही ते लोकांना समजावून सांगणं, सगळं एका बाईवर चाललं होतं आणि आम्ही सगळे, मी धरून, म्हणायचो की आमच्या घरी काही प्रॉब्लेम नाही, आई आहे ना. एवढ्या ड्युट्या लावल्या पण स्वतःच्या घरात ४७ वर्षं एकाच माणसाची ड्युटी लागलीय आणि बदली कुणी ठेवलेला नाही हे कधी दिसलं नाही, आता लाज वाटते पण खरं आहे ते लिहितो.

त्याच वर्षी एसटीचा मोठा संप झाला, नोव्हेंबरपासून पुढं एप्रिलपर्यंत मी घरीच. तेव्हा मला कळलं घरात काम किती आहे. सवयीनं वही घेतली आणि चार्ट काढला. आईला दर दोन तासांनी कूस बदलायला लागते, रात्रीसुद्धा, नाहीतर पाठीला जखम होते (एकदा झाली, भरायला चार महिने गेले). डायपर दिवसाला ४. अंग पुसणं, केस, तोंड. भरवायला एका वेळेला ४० मिनिटं, कारण घाई केली की ठसका लागतो आणि ठसक्यातून छातीत कफ होऊन दोनदा ॲडमिट करावं लागलंय. भावाला उचलून खुर्चीत, खुर्चीतून संडासला, अंघोळ, भरवणं, हातापायांचे व्यायाम, परत उचलून पलंगावर. आईचे ६ तास, भावाचे साडेचार. म्हणजे दिवसाला साडेदहा तास नुसतं हाताचं काम, आठवड्याला साडेत्र्याहत्तर. यात स्वयंपाक, धुणं, औषधं आणणं, दवाखाना धरलेलं नाही. आणि उरलेल्या वेळात कुणीतरी घरात पाहिजेच, डेपोतल्या जादा माणसासारखं, काम नसलं तरी हजर. या फेरीवर दोन ड्रायव्हर आहेत, एक ६१ चा आणि एक ५७ ची, जिला मणक्याचा पट्टा लागलाय. मुलाच्या लग्नात मी अक्षता पडेपर्यंत थांबलो आणि पंगत बसायच्या आधी घरी आलो, कारण शेजारच्या मुलाला दोनच तास बसवलं होतं.

आता तुमच्या योजना. आधीच सांगतो, मी योजनांच्या विरोधात नाही, योजना चालवणाऱ्या खालच्या माणसाचे हाल मला माहीत आहेत.

ज्या एसटीत माझं आयुष्य गेलं तिथं ७५ च्या वरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून फुकट प्रवास आहे. छान आहे, म्हातारी माणसं फिरायला लागली, लेकीकडं जायला लागली. पण माझी आई पलंगावरून खाली उतरत नाही. ७० च्या वरच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मानचं वय वंदना कार्ड, ५ लाखांपर्यंत उपचार, उत्पन्नाची अट नाही. आईचं काढलंय. पण ते ॲडमिट झाल्यावर. म्हणजे आई ॲडमिट झाली तर ५ लाख आणि घरी पडून असली तर शून्य, आणि आई तर वर्षातले साडेतीनशे दिवस घरीच पडून असते. मुख्यमंत्री वयोश्री योजना फेब्रुवारी २०२४ ची, ६५ च्या वर आणि उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर एकदाच ३,००० रुपये, चष्मा, काठी, कमोड खुर्ची असलं काही घ्यायला. आम्ही त्यात बसत नाही, आईला वडिलांची फॅमिली पेन्शन आहे. शेजारच्या काकूंना मिळाले, त्यांनी चष्मा आणि गुडघ्याचा पट्टा घेतला, उरलेल्यात गॅस भरला, बरोबर केलं.

भावासाठी संजय गांधी निराधार. दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,०००, आईची पेन्शन त्याच्या वर, म्हणून नाही. म्हणजे ५१ वर्षांच्या माणसाला स्वतःचा एक रुपया नाही आणि ८४ वर्षांच्या आईची पेन्शन त्याचं उत्पन्न. बाकीच्या निराधारांना आणि श्रावणबाळला मर्यादा २१,०००. भागून बघा, महिन्याला १,७५० होतात. १,७५० रुपयांत अख्खं घर चालवणारं कुटुंब मला एक दाखवा, तरी उत्पन्नाचे दाखले निघतात, कसे निघतात ते तुम्हाला पण माहीत आहे आणि आम्हाला पण. मिळतात किती तर १,५००, दिव्यांगांना २०२५ मध्ये वाढवून २,५०० केले. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमध्ये दिल्लीचा वाटा ८० च्या आतल्या माणसाला अजून २०० रुपयेच आहे. आमच्याकडं डायपर एक साधारण ३५ रुपयांना पडतो, दिवसाला ४, महिन्याचे ४,२००. नुसते डायपर.

आणि हयातीचा दाखला. दर नोव्हेंबरला आई जिवंत आहे हे सिद्ध करायचं. दोन वर्षांपूर्वी अंगठा उठेना, ८० वर्षं भाकऱ्या थापून अंगठ्याच्या रेषा उरल्यात कुठं. मोबाईलवर चेहऱ्यावरून होतं म्हणतात, पण तिला डोळ्यांची उघडझाप करा सांगितलं की ती डोळे मिटून झोपून जाते. शेवटी मागचं सीट काढलेल्या रिक्षात झोपवून बँकेच्या दारात नेलं आणि मॅनेजर मॅडम स्वतः बाहेर आल्या, आईचा हात हातात घेतला, म्हणाल्या आजी जेवलात का, आणि रिक्षाच्या टपावर कागद ठेवून सही केली. त्या मॅडमला मी देव मानतो. पण राज्याचं प्लॅनिंग मॅडम बऱ्या निघण्यावर चालायला नको.

ज्येष्ठ नागरिक धोरण २०१३ चं वाचलं, २०१८ चं पण वाचलं, भाच्यानं प्रिंट काढून दिली. दोन्हीत कुठल्या खात्यानं काय करावं याची लांबलचक यादी आहे. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी आठवड्याला इतके तास माणूस येईल, असं एक वाक्य मला सापडलं नाही, चुकून राहिलं असेल तर पान नंबर कळवा.

कायदे बघितले तर तिथं पण मजा आहे. २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा, त्याचं कलम १९, प्रत्येक जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम, १५० निराधार वृद्धांसाठी. शब्द काय आहे तर सरकार स्थापन करू 'शकेल'. ड्युटी चार्टमध्ये मी कधी 'शकेल' लिहिलं नाही हो. आणि समजा ३६ च्या ३६ जिल्ह्यांत बांधले, तरी ३६ गुणिले १५०, ५,४०० माणसं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६० च्या वरचे १ कोटी ११ लाखांच्या आसपास होते. या कायद्यानं पोरांकडून पोटगी घेता येते, महिन्याला १०,००० पर्यंत, प्रांतांकडं अर्ज करून. वाईट पोरांसाठी कायदा आहे ते ठीकच. पण जी पोरं सांभाळतात आणि सांभाळून सांभाळून मोडतात त्यांच्यासाठी काय? डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आलं होतं, घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी, दर्जा, असं बरंच त्यात होतं, ते लटकत राहिलं आणि २०२४ ला लोकसभेची मुदत संपली तसं तेही संपलं.

दिव्यांगांचा २०१६ चा कायदा त्या मानानं चांगला. सातऐवजी एकवीस प्रकार धरले, आणि कलम ३८ मध्ये ज्यांना जास्त आधाराची गरज आहे त्यांनी अर्ज केला की बोर्डानं तपासून आधार द्यायचा, आणि कलम २४ मध्ये अशा माणसाला सांभाळणाऱ्यासाठी भत्ता, असं स्वच्छ लिहिलंय. भावाचं ८० टक्क्यांचं सर्टिफिकेट आहे, यूडीआयडी कार्ड आहे. ते घेऊन मी एका ऑफिसात गेलो आणि कलम ३८ चा अर्ज कुठं करायचा विचारलं. साहेबांनी मलाच विचारलं हे कलम कुठलं. मी वाचून दाखवलं, ते म्हणाले झेरॉक्स ठेवून जा, आम्हाला पण उपयोगी पडेल. चिडलो नाही मी, माणूस प्रामाणिक होता.

टक्के म्हणजे काय हो पण? ८० टक्के अपंगत्व आणि ८४ वय, हे दोन्ही आकडे माझ्या वहीत कुठंच नाहीत. ८४ चे आमचे एक गुरुजी रोज सकाळी ४ किलोमीटर चालतात. ८० टक्के अपंगत्व असलेला एक मित्र स्कूटर चालवून स्वतःचं झेरॉक्सचं दुकान बघतो. त्यांना जे लागतं ते वेगळं आणि आमच्याकडं जे लागतं ते वेगळं. जपानमध्ये सन २००० पासून याचा विमा आहे, ४० च्या वरचा प्रत्येक माणूस हप्ता भरतो, आणि तिथं नुसतं वय विचारत नाहीत, घरी येऊन तपासतात की या माणसाला कशाकशात मदत लागते आणि त्यावरून काळजीची मिनिटं काढतात, मिनिटं! त्या मिनिटांवरून सात पायऱ्या आहेत, सगळ्यात वरची पायरी दिवसाला ११० मिनिटं किंवा जास्त. त्यांच्या हिशोबाची पद्धत वेगळी आहे, माझ्या वहीतल्या तासांशी तशी जुळणार नाही, आणि आपण जपान नाही हे मला कळतं. पण वाचलं तेव्हा वाटलं की हा कुणीतरी ड्युटी लावणारा माणूस बसलाय तिथं.

आता माणसांचा प्रश्न. गेल्या वर्षी बायकोची पाठ धरली तेव्हा ब्यूरोतून २४ तासांची बाई ठेवली. महिन्याला २४,०००, त्यातले बाईच्या हातात किती ते ब्यूरोवाला सांगेना, बाईनंच नंतर सांगितलं १६,०००. लायसन विचारलं तर दुकानाचं शॉप ॲक्टचं दाखवलं. ट्रेनिंग काय, तर आधीच्या घरी केलंय तेच. मावशी स्वभावानं सोन्यासारख्या, पण आईला काखेत हात घालून ओढून उचलायच्या, खांदा निखळला असता, मीच यूट्यूबवर बघून त्यांना चादर धरून सरकवायला शिकवलं. अडीच महिन्यांनी गेल्या. का, तर त्यांचे स्वतःचे वडील गावाकडं पडले आणि बघायला कुणी नव्हतं. त्यांना मी काय म्हणणार.

आणि याच राज्यानं फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन वुटेनबर्ग राज्याशी करार केला, सुरुवातीला १०,००० माणसं पाठवायची, त्यात नर्स आणि आजारी माणसांची काळजी घेणारे पण. पोरांनी जावं, जरूर जावं, तिकडं चार पैसे मिळतात आणि मान पण मिळतो. जर्मनीत १९९५ पासून या कामाचा विमा आहे म्हणून तिकडं हे काम म्हणजे नोकरी आहे, पगार आहे, सुट्टी आहे. पण साहेब, जर्मन म्हाताऱ्यांसाठी माणसं तयार करता येतात हे तुम्हीच दाखवून दिलंत ना. मग आमच्या तालुक्यासाठी ५० तयार करा. पोरी आहेत, बारावी होऊन घरी बसलेल्या. आयटीआय आहे. ग्रामीण रुग्णालय आहे जिथं शिकवता येईल. फक्त शिकल्यावर पगार कोण देणार ते कुठं लिहिलेलं नाही, आणि तिथंच घोडं अडतं.

मोजणी होत नाही म्हणून कुणी हात घालत नाही असं मला वाटतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दिव्यांग २९ लाख ६३ हजार, अजून तोच आकडा सगळीकडं छापतात, त्या वेळी जन्मलेली पोरं आता कॉलेजच्या दारात आली. पुढची जनगणना २०२७ ला. लोकसंख्येचे अंदाज बांधणाऱ्या केंद्राच्या गटानं सांगितलंय की २०३१ मध्ये महाराष्ट्रात साधारण १५ टक्के लोक ६० च्या वर असतील, म्हणजे शंभरातले पंधरा. आणि मुंबईत देवनारला लोकसंख्येची केंद्राची संस्था आहे, तिनं २०१७-१८ मध्ये देशभर वृद्धांची पाहणी केली, त्यात ६० च्या वरच्या साधारण चारातल्या एकाला अंघोळ, कपडे, जेवण, संडास, चालणं, पलंगावरून उठणं यातल्या निदान एका कामात अडचण येत होती. संस्था आपल्याच राज्यात, आकडे समोर, तरी माझ्या तालुक्यात अंथरुणावर किती माणसं पडून आहेत विचारलं तर एकाही ऑफिसकडं उत्तर नाही. मी आमच्या आळीतली मोजली. ६४ घरं, ७ माणसं. त्यातल्या तिघांना बघणारं माणूस स्वतः ६० च्या वरचं.

मोजता येत नाही असं कृपा करून सांगू नका. लाडकी बहीणचे फॉर्म २०२४ मध्ये अंगणवाडी सेविकांना बसवून काही महिन्यांत भरून घेतले, २ कोटींहून जास्त बायका. राज्यात १ लाखाच्या वर अंगणवाड्या आहेत, गावागावात आशाताई आहेत. मनात आणलं की सरकार काय करू शकतं ते आम्ही उघड्या डोळ्यांनी बघितलंय. त्याच माणसांना (फुकट नाही, घरामागं पैसे देऊन, नाहीतर त्या बिचाऱ्या आणखी एका रजिस्टरखाली मरतील) एकच पानी फॉर्म द्या. घरात असं कुणी आहे का ज्याला उठवायला, भरवायला, संडासला न्यायला दुसरं माणूस लागतं? दिवसाला किती वेळ? हे कोण करतं आणि त्याचं वय काय? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. आईला कुणीतरी २०१९ मध्ये तो विचारला असता, की बाई तू ७८ ची, ४५ वर्षांच्या मुलाला उचलतेस, तू पडलीस तर? तर कदाचित ती बाथरूममध्ये पडली त्या दिवशी आमच्याकडं काहीतरी ठरलेलं असतं.

मोजून झालं की पुढचं मी मागतोय ते पैसे नाहीत, तास आहेत. पैसे दिले तर घेऊ, नाही कशाला म्हणू, पण २,५०० चे ५,००० केले तरी तालुक्यात विकत घ्यायला माणूसच नाही. आठवड्याला १० तास एक शिकलेलं माणूस घरी येऊ दे. अंघोळ घालेल, जखम बघेल, तेवढ्यात बायको डॉक्टरकडं जाऊन येईल नाहीतर नुसती झोपेल. वर्षातून १५ दिवस आई आणि भावाला ठेवायला तालुक्याला एक जागा असू दे. ग्रामीण रुग्णालयाच्या मागं चार खाटांची खोली काढली तरी चालेल, रंगरंगोटी नको, उद्घाटन नको, फक्त रात्री कुणीतरी जागं पाहिजे. दिवसा सोडून संध्याकाळी आणता येईल अशी एक जागा पाहिजे, बालवाडीसारखी. आमच्याकडं ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र आहे, कॅरम आहे, पेपर येतात, पण आहे पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. ज्याला जिना चढता येतो त्यालाच विरंगुळा.

हे कुठं होत नाही असं पण नाही. केरळात १९९३ ला कोळिकोडला डॉक्टरांनी आणि साध्या लोकांनी मिळून सुरू केलं, २००८ ला सरकारनं धोरण केलं, आता पंचायतीची नर्स गाडीनं घरोघर जाते, अंथरुणावरच्या माणसाला बघते, घरच्यांना शिकवते. सांभाळणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये पण देतात, ते फार कमी आहेत आणि थकतात अशी तिथं ओरड आहे, म्हणजे आदर्श वगैरे नाही. तमिळनाडूनं ऑगस्ट २०२१ पासून आरोग्य कर्मचारी घरी पाठवायला सुरुवात केली, बीपी-शुगरच्या गोळ्या, फिजिओथेरपी, सगळं दारात. आपल्या उपकेंद्रांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, त्यांच्या १२ सेवांमध्ये वृद्धांची आणि अंथरुणावरच्यांची काळजी पण आहे. आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टर वर्षातून दोनदा येतात, खरंच येतात, पण एकटीकडं पाच गावं आणि रोज लसीकरणाचं टार्गेट. १२ सेवा आणि एक बाई. डेपोत मी असा चार्ट लावला असता तर युनियननं मला कोंडून घातलं असतं.

एकच फाईल करा एवढी विनंती चारही सचिवांना मिळून आहे. घराची फाईल. आई गेली (जाणार आहेच कधीतरी, लिहायला काय लाजायचं) की भावाचं सगळं बदलणार. तिची फॅमिली पेन्शन नियमानं भावाला आयुष्यभर लागू होऊ शकते, पण त्याला मेडिकल बोर्डाचा कागद, पालकत्वाचा कागद, बँकेत वेगळं खातं, परत त्याचं आधार, त्याच्या आखडलेल्या बोटांचे ठसे. पालकत्व १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं, कलेक्टरांच्या समितीकडून. तो अर्ज करून बरेच दिवस झाले, दोनदा तारीख पुढं गेली. आणि पालक म्हणून नाव कुणाचं, तर माझं. वय ६१. समितीनं विचारायला पाहिजे होतं की तुमच्यानंतर कोण, विचारलं नाही, बरं झालं, कारण उत्तर नाही. मुलगा चाकणला कंपनीत आहे, दोन खोल्यांत राहतो, सून चांगली आहे, पण त्यांच्या गळ्यात मी हे घालणार नाही, घातलं तर परत तेच होणार, एक बाई आणि ४७ वर्षं.

दिव्यांगांच्या आईबापांच्या मीटिंगला गेलात तर एकच प्रश्न ऐकाल, आमच्या माघारी काय? १८ पर्यंत शाळा असते, बालगृह असतं. पुढं? काही संस्था आहेत, चांगल्या आहेत, वेटिंग लिस्ट लांब आणि डिपॉझिट आमच्या ऐपतीबाहेर. मला १५० खाटांची शेड नको, ती बघितलीय मी एका ठिकाणी, रांगेत पलंग आणि फिनेलचा वास. तालुक्याला एक साधं घर, सहा-आठ माणसं, दोन-तीन सांभाळणारे, पाळ्यांमध्ये. भावाला गर्दी चालत नाही, त्याला खिडकीतून रस्ता दिसला पाहिजे आणि सकाळी सहाला रेडिओ. पगार सरकारचा, जागा ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची, देखरेख आईबापांच्या कमिटीची. स्थानिक संस्थांचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी असतोच, बघा एकदा कशावर खर्च होतो ते, आमच्याकडं एका वर्षी पाण्याच्या टाक्या वाटल्या.

पैसा कुठून, असं विचाराल. सगळं एका वर्षात नको. एक तालुका घ्या, डोंगरातला घ्या, मग एक शहरातला वॉर्ड घ्या, दोन वर्षं चालवा, तास मोजा, खर्च छापा, विधानसभेत ठेवा. उत्पन्नाची अट लावायची तर लावा, माझ्याकडून थोडे पैसे घ्या, मी देईन, ब्यूरोला देतच होतो. पण २१,००० असली खोटी अट नको. आणि घरच्या घरी लोक करतायत तोवर सरकारला फुकट पडतंय असं कुणाला वाटत असेल तर माझ्या बायकोचा एमआरआय पाठवतो, तिचं ऑपरेशन पुढंमागं तुमच्याच योजनेतून होणार आहे.

पत्राचं उत्तर 'योग्य त्या कार्यवाहीस्तव संबंधित विभागाकडे' असं येणार असेल तर नाही आलं तरी चालेल, त्यापेक्षा एक करा. चार खात्यांतला प्रत्येकी एक अधिकारी एक दिवस आमच्याकडं पाठवा, पाहणीला नाही, ड्युटीवर. मी चार्ट लावून ठेवतो. डबा आणायची गरज नाही, बायको देईल. पहिली पाळी पहाटे ५ ची, आईचा डायपर आणि कूस, मग भावाला उचलायचं, तो ६८ किलोचा आहे, त्यामुळं पहिल्या पाळीला जरा दणकट साहेब पाठवा. रिपोर्टिंग पावणेपाच.

आपला,
एसटीतला एक रिटायर ड्युटी लावणारा